पहिली नांगरट

नेब्रास्काच्या माळावर जुन्या वसाहतकऱ्यांचा मेळावा भरला, की ताडमाड मातेय घोडागाडीवर चढून दरवर्षीची गोष्ट रंगवायचा. "या माळाचं पहिलं ढेकूळ फोडलं ते मी! मी, माझा नांगर आणि माझे बैल!" त्या गोष्टीत त्याची ठेंगणी बायको व्लास्ता एकदाच यायची, तीही शेतावर कॉफी घेऊन. खसखस भरलेल्या गोड पुऱ्या वाढता वाढता ती गालातल्या गालात हसायची.

यंदा नातवंडांनी कोठारातून तो जुना नांगरच ओढत आणला. "आजोबा, नुसतं बोलू नका, धरून दाखवा!"

मातेयनं ऐटीत हात पुढे केले, तर नांगराची रुमणी, म्हणजे धरायच्या मुठी, त्याच्या मांडीपाशीच संपलेली. कुणीतरी कधीकाळी करवतीनं कापून ती मुद्दाम आखूड केली होती. तो कमरेत दुमडला, टोपी मातीत पडली. "आजोबा, तेव्हा तुम्ही एवढेसेच होतात का हो?" नात खिदळली.

व्लास्ता हात पुसत पुढे आली. तिनं ताठ उभं राहून रुमणी धरली. अगदी मापात बसली.

मग ती मातेयकडे वळली.

"अहो, बघत काय उभे राहिलात? तेव्हा आणायचात तशी कॉफी आणा बघू!"