साकेचा पहिला थेंब

मी परळच्या एका बारमध्ये कॉकटेल बनवते हे कळल्यापासून आईने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. रविवारी दुपारी बाबा म्हणाले, "तू काय करतंस ता माका दाखव तरी." मी साकेची बाटली उघडली. "जपानची, तांदळाची दारू," म्हटलं. तिच्यात गावचं कोकम आगळ, आल्याचा रस आणि साखर घालून, ढवळून स्टीलच्या फुलपात्रात दिलं. आई ओट्याशी पाठमोरी भाकऱ्या थापत राहिली. बाबांनी ते तोंडाला लावलं नाही. गावी वेशीवरच्या राखणदार देवाला दारूचा मान देतात तसे आधी बोटाने लादीवर थेंब शिंपडले आणि डोळे मिटून माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, ह्या माझ्या चेडवाच्या हातचा आसा, गोड मानून घे. रातचा एकटाच घराक येता, तेच्या सोबतीक रव." गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्याने होकार द्यायचा असतो. मी तोंड उघडण्याआधीच ओट्याकडून आई म्हणाली, "व्हय म्हाराजा."