दारापुढची जागा

ब्रह्मा घाटाच्या गल्लीत नवी फरशी बसली आणि तिचा खर्च घरमालकांवर आला. ज्याची जागा मोठी, त्याचा वाटा मोठा. टेप घेऊन आलेला पालिकेचा बाबू अंबिकाकाकूंच्या दारापुढची मोकळी फरशीही मोजू लागला. तिथला चबुतरा गेल्या वर्षी त्यानंच उभं राहून तोडवला होता, जमीन सरकारी आहे म्हणून.

"ये जगह हमारी कब से हो गई?" काकूंनी विचारलं.

"नक्शे में आपकी ही है, माताजी."

"तो लिख दीजिए. मुहर लगाके."

त्यानं लिहून दिलं, शिक्का मारला. कागद हातात पडताच काकूंनी सुनेला हाक मारली, "मधुरा, गवंड्याला बोलव गं. बाबूंनी मोजलाय तेवढा चबुतरा बांधायचाय. एक बोटही कमी नको."