कुंकवाचं बोट

"अमेरिकेहून कुरियर आलं," म्हणत ज्ञानेशनं एमबीएचं सर्टिफिकेट माझ्यासमोर धरलं. माझा नवरा वर्षभर कुठल्याशा ऑनलाइन युनिव्हर्सिटीत शिकत होता, पण अभ्यास करताना मला कधी दिसला नव्हता. परीक्षेचं विचारलं की म्हणायचा, "सगळं ग्रँड चाललंय गं!" सोमवारी तो याच डिग्रीवर डब्लिनच्या नव्या कंपनीत रुजू होणार होता. लॉकडाऊनमुळे आमच्याकडे, डब्लिनच्याच ओंगार उपनगरात अडकलेल्या सासूबाईंना मात्र लेकाचं कौतुक आवरेना. त्यांनी सर्टिफिकेट देवापुढे ठेवलं, कुंकू पाण्यात कालवलं आणि नेमकं सोनेरी शिक्क्यावर बोट टेकवलं. शिक्का फिसकटला. त्याच्या शाईचा पिवळा ओघळ थेट कुलगुरूंच्या सहीपर्यंत गेला. "अगं बाई!" सासूबाई रडवेल्या झाल्या. "आता परत अमेरिकेहून मागवावं लागणार का रे?" मी ज्ञानेशकडे बघत राहिले. "छे गं आई," तो लगेच म्हणाला, "वर जाऊन दुसरी प्रिंट काढून आणतो."