वेचणी होईस्तोर

"रक्त पातळ ठेवायची गोळी शेवटची कधी घेतली?" यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी माझ्या बायकोला विचारलं. दोन तासांपूर्वी शेतात तिचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. "कालच घेतली जी," ती बोबडं बोलली. "मग मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन चालणार नाही. डोक्यात रक्तस्राव होईल." ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. कापूस वेचताना बोंडांची टोकं तिच्या बोटांना टोचायची, रक्त थांबायचं नाही, कापसावर डाग पडायचे. "वेचणी होईस्तोर गोळी राहू दे," मीच म्हणालो होतो. 'विचारल्याशिवाय बंद करू नये' हे दवाखान्याच्या कार्डावरचं मीच तिला वाचून दाखवलं होतं. मुलगा शेजारीच होता. "मॅडम, दहा दिवसांपासून गोळी बंद हाये. मीच सांगतलं," मी म्हणालो. त्यांनी इंजेक्शन मागवलं. बायकोनं धड हातानं माझी बाही ओढली. "पोरासमोर काहून सांगतलं?"