नानांसाठी बाटली

“येत्या काही वर्षांत ही जमीन तुमच्या मनाविरुद्ध हातातून जाईल अशी भीती वाटते?”

“छे! भीती कसली?” अफ्राकोमा हसली.

सर्वेक्षणाला आलेल्या अंपादूने टॅबवर बोट टेकवलं. आजचं शेवटचं घर. घसा सुकला होता. प्रश्न आता तोंडातून आपोआप गळत होते. कुंपणापलीकडे शेजारणीच्या शेतात सिमेंटचे नवे खांब उभे होते. कुमासी शहर तिथवर सरकलं होतं. खांबांच्या अलीकडे अफ्राकोमाचं कसाव्याचं पीक. जेमतेम गुडघाभर.

पुढचा प्रश्न. जमिनीच्या व्यवहारात गावप्रमुख पैसे खातात?

“आमचे नाना? देवमाणूस!”

पुढचा प्रश्न. जमिनीवरून गावात कुणावर अन्याय—

“फुफूचा गोळा घ्या की अजून. लाजताय काय?”

सूपात कोंबडीची तंगडी होती. अंगणात ओली पिसं. बाकीच्या घरांनी त्याला दारातच उभं केलं होतं. ‘तुमच्या प्रश्नांनी काय दिवे लागणार?’ असंही कुणी विचारलं होतं. म्हातारी एकटी आहे, त्याला वाटलं. बोलायला माणूस हवंय.

“मावशी, उत्तरं कुणाला कळत नाहीत. मोकळेपणानं बोला.”

“मोकळीच बोलतेय. तुम्ही जेवा.”

शेवटचा प्रश्न. आम्हाला कोणी पाठवलंय असं तुम्हाला वाटतं?

सरकार, पक्ष, संस्था. तीन पर्याय पडद्यावर तयार होते. अंपादूचं बोट वर थांबलं.

“पाठवतंय कोण?” ती म्हणाली. “सकाळी बाटली घेऊन नानांकडे तुम्हीच गेलात ना? पाहिलं मी.”

बाटली. गावात काम करायचं तर आधी प्रमुखापुढे दारूची बाटली ठेवून परवानगी मागायची, हा रिवाज. सर्वेक्षणवाल्यांनाही तो चुकत नाही. जमीन घ्यायला येणारेही तेच करतात.

त्याने टॅब खाली ठेवला. “मावशी, अहो, मी जमीन—”

“असू द्या. शेजारीण भांडली, तर तिच्या उभ्या पिकात मशीन घातलं. मी बोलले का काही वाकडं? नाही ना?” दुसरी तंगडी तिने त्याच्या वाडग्यात घातली. “फक्त कसावा निघेपर्यंत थांबा, साहेब.”