अठरापैकी अठरा

"उपकरण सापडले नाही."

लॅपटॉपवर ही लाल ओळ तिसऱ्यांदा उमटली आणि विनतानं बाबांकडे बघायचं टाळलं. टेबलापलीकडे बाबा हेडफोन चढवून अर्ध्या तासापासून बसले होते, न्हाव्याच्या खुर्चीत बसावं तसे, ताठ.

"काहून, होऊन नाही राहिलं?"

"होईल बाबा. आवाजाची लायब्ररी बसवून राहिली. ती बसली की मिनिटाचं काम."

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड. त्याच्याशिवाय तिच्या प्रोग्रॅमला लॅपटॉपमधून साधी 'टीं' काढता येत नव्हती. आणि बाबांना रविवारच्या एका दुपारीत अठरा 'टीं' हव्या होत्या. जाड, बारीक, अगदी बारीक. उद्या दारूगोळा फॅक्टरीचा डॉक्टर ऐकवणार होता तशा.

डोळ्यांची तपासणी अख्ख्या फॅक्टरीला पाठ होती. तक्त्याची शेवटची ओळ माणसं स्कूटरवर बसून घोकत. कानाची तपासणी यंदा नव्यानं आली होती आणि तिचा तक्ता नव्हता.

"एकदा चाल कळली की झालं," बाबा म्हणाले. "डावा कान गेलाय, मान्य. उजवा टकाटक आहे. नुसती प्रॅक्टिस पाहिजे."

"कॉलेजात इतकी प्रॅक्टिस केली असती तर साहेब झाले असते," आई आतून म्हणाली.

बाबा हसले नाहीत. विनता हसली, पण ते हसू नीट उमटलं नाही. बाबांना भीती होती नापास होण्याची. नापास म्हणजे तोफांच्या चाचणीच्या रेंजवरून उचलून गोदामात, रिटायर होईपर्यंतची दोन वर्षं खिळे मोजत. तिची भीती वेगळी होती. रेंजवर बाबा निशाण्याचे फळे उभे करत. गोळा सुटायच्या आधी भोंगा होतो. भोंगा ऐकून माणसं भिंतीआड जातात. ज्याला ऐकू येत नाही, तो

ते वाक्य ती कधीच पुरं करत नसे.

पायरी दोन. लायब्ररी उतरवा. उतरवली.

पायरी तीन. बसवून घ्या. बसेना.

पायरी तीन, पुन्हा.

पायरी तीन, पुन्हा, दात खाऊन.

चार वाजता लाल ओळ गेली आणि हिरवी आली. "आवाज सुरू." विनतानं हात ओढणीला पुसले.

"बाबा, टोन ऐकू आला की बोट वर करायचं. नाही आला तर नाही करायचं. खोटं नाही चालणार."

"चलो."

तिनं कळ दाबली. बाबांचं बोट वर गेलं.

दुसरी. बोट वर.

मधे तिनं मुद्दाम बराच वेळ काही दाबलं नाही. बोट गुडघ्यावर निवांत पडून राहिलं. मग अगदी बारीक टोन, अगदी हळू. बोट वर.

अठरापैकी अठरा.

तिला रडूच आलं. महिनोन्‌महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. "आई, ऐकू येतं गं यांना! सगळं येतं!" बाबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि विजयी चेहऱ्यानं चहा मागितला.

विनतानं हेडफोन उचलून स्वतःच्या कानावर चढवले. आपली 'टीं' कशी वाजते ते तिलाही ऐकायचं होतं.

कळ दाबली.

काही नाही.

आवाज पूर्ण वाढवला. पुन्हा दाबली. स्वतःच्या कानशिलाची धडधड तेवढी ऐकू आली.

तिनं उपकरणांची यादी उघडली. शून्य: बाहेरचा मॉनिटर. एक: माइक. दोन: हेडफोन. कुठलं ते सांगितलं नाही तर लायब्ररी पहिलं घेते. तिनं सांगितलंच नव्हतं. अठराच्या अठरा टोन लॅपटॉपला जोडलेल्या, कोपऱ्यातल्या मॉनिटरकडे गेले होते, आणि त्याला स्पीकरच नव्हता.

ती उठली आणि बाबांच्या अगदी समोर बसली. तोंडासमोर तोंड आणून.

"एकही टोन वाजला नव्हता, बाबा."

बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. किती वर्षांपासून असे बघत असतील? त्यांच्या चेहऱ्यावरचा विजय हळूहळू मावळला.

"तू कळ दाबायच्या आधी श्वास रोखतेस," ते म्हणाले. "दाबली की खांदे खाली येतात. डॉक्टरचं पण काही ना काही असेलच. उद्या पाहून घेतो."

"उजवा कान?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"डॉक्टरचं जाऊ द्या. रेंजवर भोंगा कसा कळतो तुम्हाला?"

"विष्णू होता ना जोडीला. खांद्यावर थाप मारे."

"विष्णूकाका तर मे महिन्यातच रिटायर झाले."

"हो ना." बाबा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "भिंतीवर पारवे बसतात. भोंगा झाला की उडतात. ते उडाले की मी पळतो."

विनतानं त्यांचा हात धरला. हात थंड होता. मग बाबांनी पहिल्यांदाच तिच्या ओठांवरून नजर काढून घेतली आणि ते खाली बघत, तिला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले,

"पण आता तेही सरावलेत, बेटा. मंगळवारी एकही उडाला नाही."