कां

"मनस्वी, 'येशील का' असं म्हण. 'कां' नको. तुझा प्रत्येक स्वर नाकातून येतो. पदात राणी ऐकू यायला हवी, रत्नागिरी नको," दिग्दर्शक रोज बजावायचे. मनस्वीने वर्षभर आकार घासून घासून मोकळा केला.

पहिल्या प्रयोगाला दृष्टी गेलेले बाबा पुढच्याच रांगेत बसले होते. नाटकात लेकीचं एक पद आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. राणीच्या पदाला दोनदा वन्समोअर मिळाला.

मध्यंतरात ती राणीच्या वेषातच बाबांकडे धावली. आपसूक घरचाच हेल तोंडात आला.

"आवडलं कां, बाबा?"

"आलीस गो? ही राणी कुठची आणली? काय गायली! अंगावरचा काटा अजून जात नाही बघ. तुझं पद व्हायच्या आधी जा, तिच्या पाया पडून ये."